कोकरे बाईंचा हेवा

बसा. मागं कडुनिंबाखाली उभे आहेत त्यांनीही पुढं या, सतरंजीवर जागा आहे. पाचवीची मुलं थोडी सरकतील. सरका रे बाळांनो.

मंडळी, सकाळी मुख्याध्यापक सर मला म्हणाले, जोशी बाई, तुम्हीच बोला, नलिनीबाईंना तुमच्याइतकं जवळून कुणी ओळखत नव्हतं. मी हो म्हटलं. पण मी गणित शिकवणारी बाई. फळ्याकडं तोंड करून बोलायची सवय. माणसांकडं तोंड करून, तेही अशा दिवशी, काय बोलतात मला येत नाही. म्हणून जे खरं आहे तेच बोलते.

जवळची होते, हे खरं. ती कन्हेरीहून बारामतीच्या स्टँडवर यायची, मी तिच्यासाठी एसटीत जागा धरून बसायची. आपल्या शाळेची सांगवी येईपर्यंत आमच्या गप्पा. पण आमच्या जवळिकीचं खरं नाव वेगळं आहे. मला तिचा हेवा वाटायचा.

कोकरे तात्या, मारुतराव, तुम्ही दोघांनी मान वर केलीत. राग मानू नका. तात्या, तुमच्या सूनबाईंना, मारुतराव, तुमच्या पत्नीला हे ठाऊक होतं. मी लपवलं नाही, आणि लपवलं असतं तरी तिच्यापासून लपलं नसतं.

आणि आजही वाटतोय. हे पटांगण बघा. ऊसतोडीचे दिवस आहेत, कुणाला सवड नाही, तरी तुम्ही सगळे आलात. माझे विद्यार्थी इंजिनिअर झाले, कारखान्यात केमिस्ट झाले, एक तर परदेशात गेला. पण मी गेले तर इतकी माणसं येतील? येतील का? तुम्ही गप्प आहात. बरोबर आहे तुमचं.

ती या शाळेत आली तेव्हा मी इथं जुनी झाले होते. दहावीचं गणित माझं. गणिताचा निकाल माझा. जून आला की पालक माझ्या टेबलापाशी यायचे, बाई, आमच्या पोरीला तुमच्या तुकडीत घ्या. माझा वर्ग कसा, तर खडू मोडला तरी मागच्या बाकावर ऐकू जावं असा.

नलिनीचं माहेर नरसिंहपूरच्या बाजूचं, इंदापूर तालुक्यातलं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडलांनी शेती धरली. बीएस्सी, बीएड झालेली घरातली पहिलीच. तिला पाचवी ते आठवीचं विज्ञान दिलं. पाचवीचा वर्ग माझ्या दहावीच्या शेजारी होता. पहिल्याच आठवड्यात शेजारून असा गलका झाला, की मी माझा तास सोडून बाहेर आले. म्हटलं, नवीन बाईंना वर्ग आवरत नाही, जरा मदत करू.

दारातून बघितलं. फळ्याच्या मधोमध तिनं 'पाणी' असं लिहून त्याला गोल केला होता. आणि विचारत होती, "पाणी म्हटलं की काय आठवतं? सांगा." पोरं उठून उठून ओरडत होती. विहीर! कालवा! वाफ! गारा! घाम! ती सगळं लिहीत होती, प्रत्येकाला गोल करत होती. मग म्हणाली, "आता जोडा." एका पोरानं वाफेकडून ढगाकडं बाण काढला. ती म्हणाली, "नुसता बाण न्हाय चालायचा. बाणावर शब्द पायजे. वाफेचा ढग कधी हुतो?" कुणीतरी म्हणालं, "गार पडली की." तिनं बाणावर लिहिलं, गार झाल्यावर.

एवढंच. पुण्यात एका प्रशिक्षणात ती हे शिकून आली होती. त्याला संकल्पना नकाशा म्हणतात, हे तिनंच मला नंतर सांगितलं. पोरांनी त्याचं नाव जाळं ठेवलं. "बाई, आज जाळं करायचं का?" असं विचारत पोरं तिच्यामागं व्हरांड्यातून पळायची. माझ्यामागं कधी कुणी पळालं नाही. माझ्यापुढून पळायची.

मी दारात उभी होते आणि मदत करायचं विसरून गेले होते. मनात एकच. हे किती सोपं आहे. मग हे मला का सुचलं नाही?

मंडळी, हेवा दुसऱ्याच्या मोठेपणाचा नसतो. आपल्या हाताशी होतं आणि दुसऱ्यानं उचललं, त्याचा असतो.

पुढं एकदा मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत एक मोठा कागद घेऊन आली आणि माझ्या डब्याशेजारी पसरला. पाचवीपासून दहावीपर्यंतचं विज्ञान आणि गणित, एकाच कागदावर. कुठला धडा कुठल्या धड्यावर उभा आहे, त्याचे बाण. एका ठिकाणी लाल खूण.

"बाई, हितं बघा. आठवीत मी गती शिकवते तवा आलेख लागतो. पोरांना आलेख येत न्हाय. तुमी तो वर्षाच्या शेवटी घेता."

मी म्हटलं, "पुस्तकात शेवटी आहे."

"मग आधी घेतला तर?"

"पुस्तकाचा क्रम मी ठरवत नाही, नलिनी."

"मग कोण ठरवतं?"

मी डबा झाकला. एसटीत त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. ती बोलत राहिली, कन्हेरीच्या गाईला झालेल्या कालवडीबद्दल. मी खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर बघत बसले.

पुढच्या वर्षी मी आठवीला आलेख पावसाळ्यातच घेतला. तुम्हाला वाटेल, बाईंचं मन पालटलं. छे. मला वाटलं, ती गती शिकवायला जाईल तेव्हा पोरं म्हणतील, हे तर आम्हाला येतं, जोशी बाईंनी शिकवलंय. तिचा चेहरा बघायचा होता मला. पोरं तसं म्हणालीही. आणि तिनं काय करावं? त्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या, माझ्या नावानं. मी शेजारच्या वर्गात. टाळ्या ऐकू आल्या. आता सांगा, अशा बाईशी चुरस तरी कशी करायची? तुम्ही एक पाऊल पुढं टाकावं, तर ती तुमचंच बोट धरून शेजारी उभी.

मग भिंत. ऑफिसकडून प्रयोगशाळेकडं जाणारी ती लांब भिंत तुम्ही सगळ्यांनी बघितली आहे. आता चुना पडलाय तिच्यावर. तेव्हा नलिनीनं सरांना विचारून ती पोरांना दिली. एकच जाळं, सगळ्या वर्गांचं. पाचवीचे शब्द खाली, दहावीचे वर. गेरू, कोळसा, जे मिळेल ते. पाचवीनं अपूर्णांक लिहिला. त्यावरून बाण सातवीच्या गुणोत्तराकडं. तिथून एक बाण आठवीच्या वेगाकडं, एक वर दहावीच्या समरूप त्रिकोणांकडं. वरच्या वर्गातली मुलं स्टुलावर चढायची, खालच्या वर्गातली मांडी घालून बसायची, आणि एकमेकांचे बाण खोडण्यावरून भांडणं. भांडणं कशावरून, तर गुणोत्तर म्हणजे भागाकारच का, यावरून! मी माझ्या जन्मात पोरांना गुणोत्तरावरून भांडताना बघितलं नव्हतं.

त्या वर्षी माझ्या दहावीत मंगल होती. आज ती आली आहे, त्या बाजूला बसली आहे. मंगल, सांगू ना? सांगते. मंगलला समरूप त्रिकोण येत नव्हते. चाचणीत दोनदा नापास. घरून निरोप आला होता, की बोर्डात नापास झाली तर पुढं शाळा नाही, स्थळ आलेलं आहे. मी तिला जादा गणितं दिली. आणखी दिली. ती न बोलता सोडवायची आणि सगळी चुकवायची.

एका दुपारी शाळा सुटल्यावर बघते, तर मंगल भिंतीपुढं. समरूप त्रिकोणांवर बोट ठेवून बाणानं खाली आली, गुणोत्तरावर. तिथून आणखी खाली. खाली बसली. पाचवीच्या पोरांनी अपूर्णांकाच्या बाणावर लिहिलं होतं, 'म्हणजे वाटणी'. तिथं तिचं बोट थांबलं. नलिनी शेजारी उकिडवी बसली होती.

मंगल म्हणाली, "बाई, हितं तुटलंय माझं."

"काय तुटलंय?"

"तीन चतुर्थांश म्हणजे मला वाटायचं तीन आन चार, दोन आकडे. तिनाची चारात वाटणी हाय, ह्ये मला म्हाईतच न्हवतं."

मंडळी, मी तिला तीन वर्षं गणित शिकवलं होतं. माझ्या शांत वर्गात, मागून दुसऱ्या बाकावर. तीन वर्षं ती पोरगी तुटलेली घेऊन बसली होती, आणि ते सापडलं पाचवीच्या पोरांच्या अक्षरात, विज्ञानाच्या बाईशेजारी. त्या दिवशी मला हेवा वाटला म्हणजे काय? छाती दुखली माझी. खोटं नाही.

मंगल पास झाली. आज ती स्वतः शिक्षिका आहे.

पण तो निकाल लागायच्या आधीच पालकांची सभा झाली. बोर्डाची परीक्षा तोंडावर, आणि पोरं भिंती रंगवतायत. दगडू आबा, तुम्ही त्या दिवशी उभे राहिलात. हसताय ना? सांगते तुमचंच वाक्य. "सर, आमची पोरं शाळंत नुसती गोळं काढत्यात. परीक्षेतबी गोळंच घिऊन आली तर?" सगळी सभा हसली. आबा हसले नव्हते. नातवाची काळजी होती त्यांना, आणि ती खरी होती. आणखी दोघंतिघं उठले. सर अडचणीत. शेवटी म्हणाले, जोशी बाई जुन्या आहेत, निकाल त्यांचा आहे, त्या म्हणतील तसं करू. जाळं बंद करायचं तर आजपासून बंद.

नलिनी माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी एवढंच म्हटलं असतं, की परीक्षेपुरतं थांबवू, तर पुरे होतं. कुणाला वावगं वाटलं नसतं. तिलाही नसतं वाटलं.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "आबा, हिच्या हाताखालून आलेल्या पोरांना माझं गणित समजतं. बाकीच्यांना नुसतं पाठ होतं."

मी असं का म्हणाले? चांगुलपणानं? नाही हो. या शाळेत तिचं शिकवणं माझ्याइतकं बारकाईनं कुणी बघितलंच नव्हतं. कौतुक करणारे येतात, वा म्हणतात, निघून जातात. हेवा करणारं माणूस दारात उभं राहून शेवटपर्यंत बघतं. मी रोज बघत होते. तिच्यात कुठं खोट सापडते का, ते शोधत होते. सापडली नाही. मग जे दिसलं ते सांगावं लागलं.

आबा म्हणाले, "बाई म्हणत्यात तर ऱ्हाऊ द्या." जाळं राहिलं.

त्यानंतर इंदापूरला आसपासच्या तालुक्यांतल्या शिक्षकांचा मेळावा झाला, आणि नलिनीला तिथं हे दाखवायला बोलावलं. मला नाही बोलावलं. मी सोबत म्हणून गेले. एसटीत तिनं माझा हात धरला. "बाई, पोरांपुढं बोलते ती येगळी. तितं समदी मोठी माणसं असणार." तिनं भाषण लिहून आणलं होतं, अगदी पुस्तकी भाषेत. व्यासपीठावर उभी राहिली, दोन वाक्यं वाचली आणि अडकली. पुढच्या रांगेतलं कुणीतरी खुसखुसलं.

मंडळी, ती अडकली तेव्हा मला काय वाटलं? क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच. मग त्या खुसखुसणाऱ्या माणसाचा असा राग आला, की माझं मलाच कळेना मी कुणाच्या बाजूची.

तिनं कागद घडी करून ठेवला. खडू घेतला, फळ्यावर 'ऊस' लिहिलं, गोल केला आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी सांगा. ऊस म्हटलं की काय?" मग एक जण म्हणाला, साखर. दुसरा म्हणाला, पाणी. तिसरा म्हणाला, कारखाना. थोड्याच वेळात ते सगळे गुरुजी आमच्या पाचवीसारखे ओरडत होते. ऊन, हरितद्रव्य, टक्केवारी, क्षेत्रफळ. खुसखुसणारा तर उठून फळ्याशी आला, बाण काढायला. विज्ञानाचं टोक झाल्यावर गणिताचं आलं, तेव्हा ती म्हणाली, "ह्ये माझं न्हाय. ह्ये आमच्या जोशी बाईंचं." आणि खडू माझ्या हातात दिला.

परत येताना मी तिला विचारलं, "नलिनी, तुला हे विचारायचं सुचतं कुठून? मी सांगते. तू विचारतेस."

ती खिडकीशी बसली होती. म्हणाली, "मला घरी कुणी इचारलंच न्हाय बाई, आज शाळंत काय शिकलीस म्हणून. कुणाला येत न्हवतं, तर इचारणार कसं? मला लई वाटायचं कुणीतरी इचारावं."

मी म्हटलं, "माझे वडील रोज विचारायचे. दिवेलागणीला. न चुकता."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "मग तुमी न्हाय व्हय इचारत पोरांना?"

टोमणा नव्हता. तिला टोमणा मारता यायचा नाही. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

मग दुखणं आलं. किडनीचं. आधी पायाला सूज, मग पुण्याच्या फेऱ्या. मारुतरावांनी काय केलं नाही? सगळं केलं. कोकरे तात्या, तुम्ही तिला हातानं भरवत होता, मी बघितलंय. ती रजेवर गेली आणि सरांनी तिचे वर्ग वाटून दिले. पाचवी माझ्याकडं आली.

मी पहिल्या तासाला गेले, 'पाणी' लिहिलं, गोल केला, बाण काढले. एवढी वर्षं बघितलं होतं, त्यात काय अवघड? समोरची एक चिमुरडी उठली आणि म्हणाली, "बाई, बाणावर शब्द न्हाय." वर्ग हसला. माझ्या तासाला वर्ग पहिल्यांदा हसला, तोही मला. चला, तेवढं तरी झालं.

मी कन्हेरीला तिला भेटायला गेले. खाटेवर होती. चेहरा सुजलेला, आवाज खोल गेलेला. मी बसले नाही तोच म्हणाली, "पाचवी काय करतीया?"

"मीठ चाललंय. विरघळणारे पदार्थ."

"आन?"

"एकीनं मीठ आणि घाम जोडलं."

"बाणावर काय लिहिलं?"

"चव सारखी."

ती हसली. हसताना धाप लागली तरी हसली. "चव सारखी! खरं हाय की. तुमी काय म्हणालात?"

"मी म्हटलं, चूक."

"अवो बाई!"

"ऐक तर. मग म्हटलं, बरोबर. पण का सारखी, ते उद्या सांग."

तिनं उशीवरून मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "म्हंजे उद्या ती सांगणार."

"सांगेल ना."

"आन तुमी ऐकायला असणार." तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. "मला तुमचा हेवा वाटतोय बाई. लई वाटतोय."

मंडळी, एवढी वर्षं मला हेच हवं होतं. नलिनी कोकरेला माझा हेवा वाटावा. ते मिळालं. आणि मिळालं तेव्हा त्याचं काय करावं ते मला कळेना. मी तिचे पाय दाबत बसले. दुसऱ्या दिवशी त्या पोरीनं सांगितलं, घामात मीठ असतं म्हणून. मी ते कन्हेरीला निरोपानं कळवलं. निरोप पोचला. मारुतराव म्हणाले, ऐकून तिनं मान हलवली. त्यानंतर ती फारशी बोलली नाही.

काल सरांनी मला विचारलं, बाई, नवीन शिक्षक येईपर्यंत पाचवी सांभाळाल ना? मी म्हटलं, नवीन शिक्षकांना दहावी द्या. पाचवी मी ठेवते. सर म्हणाले, बाई, दहावीचा निकाल तुमचा आहे. मी म्हटलं, होता.

माझा हेवा गेला, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. उद्या मी काहीतरी चुकेन आणि ही समोरची पोरं म्हणतील, कोकरे बाई असं करत नव्हत्या. मला टोचेल. टोचलं पाहिजे.

आता उभे राहू या. आबा, तुम्ही बसूनच राहा, गुडघे दुखतात तुमचे. पोरांनो, रडू आलं तर रडा, आवाज झाला तरी चालेल.

नलिनी, तू माझ्याहून वयानं लहान. रोज सकाळी एसटीत चढलीस की तू मला नमस्कार करायचीस आणि मी नुसती मान हलवायची. लहानांना नमस्कार करायची आपल्याकडं रीत नाही.

आज मी करते. नमस्कार, नलिनी.